कपाटाची चावी कुणाकडे आहे?

शाळेतल्या काचेच्या कपाटाशी माझं जुनं वैर आहे. कुठल्याही शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत जा, ते तुम्हाला दिसेलच. वरच्या फळीवर ढाली आणि चषक, मधल्या फळीवर कुणीतरी भेट दिलेली शोभेची घड्याळं, खालच्या दोन फळ्यांवर पुस्तकं. सगळी ताठ उभी, एकाचाही कोपरा दुमडलेला नाही. खुर्चीतले सर अभिमानाने सांगतात, "मॅडम, दहा वर्षांपूर्वीची पुस्तकं आहेत, पण बघा, अजून नवी कोरी!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. दहा वर्षं चूल पेटवली नाही आणि वर स्वयंपाकघर किती स्वच्छ म्हणून मिरवायचं, त्यातलाच हा प्रकार.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला "तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा" असं सांगितलं आहे. गमती आहेत. पण त्यातल्या बऱ्याच आठवल्या की हसू यायच्या आधी संताप येतो, आणि पासष्टी ओलांडल्यावर तो लपवून ठेवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

मी चिंचवडच्या एका शाळेत एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. मुलांसाठी लिहिणारी, चित्रं काढणारी माणसं शाळेत आणायची आणि मुलांशी त्यांची गाठ घालून द्यायची, हा नाद मला नोकरीत असतानाच लागला. निवृत्तीनंतर तो सुटला तर नाहीच, उलट वाढला. आता निगडी, भोसरी, हिंजवडी, पार चाकणपर्यंतच्या शाळा मला बोलावतात. माझा धाकटा भाऊ याला 'बिनलग्नाची मध्यस्थी' म्हणतो. लोकांना वाटतं, यात करायचं काय असतं? लेखकाला फोन करायचा, गाडी पाठवायची, झालं.

तसं नाही. खरं काम पाहुणा येण्याच्या दोन महिने आधी सुरू होतं. त्याची पुस्तकं आधी शाळेत पोचवायची, ती मुलांच्या हातात पडतील असं बघायचं, मुलांनी ती वाचायची, त्यांच्यावर भांडायचं, आणि मग तो माणूस समोर आला की त्याला धारेवर धरायचं. पुस्तक आधी, पाहुणा नंतर, हा माझा पहिला नियम. पुस्तक न वाचलेल्या मुलांपुढे लेखक उभा करणं म्हणजे जेवायला बोलावून नुसता आचारी दाखवणं.

बाकीचे नियम मी एका कागदावर छापून घेतले आहेत. साठांहून जास्त मुलं नकोत. कार्यक्रम मैदानात नको, वर्गात हवा. शिक्षकांनीही बसून ऐकायचं, मागे उभं राहून वह्या तपासायच्या नाहीत. प्रश्न मुलांचे स्वतःचे हवेत, चिठ्ठीवर लिहिलेले. आणि शेवटचा, ठळक अक्षरातला नियम: सत्कार नको, हारतुरे नकोत, भाषणं नकोत, एक फूल पुरे. हा कागद मी मुख्याध्यापकांच्या हातात ठेवते. ते तो वाचतात, मान डोलवतात, "अगदी बरोबर आहे मॅडम" म्हणतात, आणि बाहेर जाऊन शिपायाला शाली आणायला पाठवतात.

हिंजवडीकडच्या एका चकाचक शाळेत मी नाशिकच्या एका लेखकांना घेऊन चालले होते. शाळेने आम्हाला साडेदहा ते सव्वाअकरा अशी वेळ दिली होती. आम्ही सकाळी आठला निघालो, पण तिथल्या ट्रॅफिकमध्ये सापडलो आणि शाळेत पोचायला साडेअकरा झाले. दारात सूट घातलेली एक मुलगी उभी होती. ती गोड हसून म्हणाली, "सॉरी मॅम, तुमचा स्लॉट संपला. मुलं झुम्बाला गेली." मी म्हटलं, मग आम्ही थांबतो, झुम्बा कितीसा चालेल! ती म्हणाली, त्यानंतर लंच आहे आणि मग बस. पण लेखकसरांनी फोटोसाठी तरी यावंच असा तिचा आग्रह होता. शेवटी एका रिकाम्या सभागृहात, तीनशे मोकळ्या खुर्च्यांसमोर लेखकांना उभं करून त्यांच्या हातात रोपटं दिलं आणि फोटो काढला. संध्याकाळी शाळेच्या फेसबुक पानावर तो झळकला. खाली लिहिलं होतं की मुलांनी लेखकांशी मनमोकळा संवाद साधला.

लेखक तरी सगळे धुतल्या तांदळासारखे असतात असं नाही. एकांनी सहावीच्या मुलांना आपल्याला मिळालेल्या पुरस्कारांची यादी क्रमाने सांगितली. मुलं बिचारी वहीत उतरवून घेत होती, त्यांना वाटलं परीक्षेला येणार. त्या गृहस्थांना मी पुन्हा कुठेही नेलं नाही.

पण ज्यासाठी मी लिहायला बसले आहे ती गोष्ट वेगळी आहे. चाकणच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तरी तुम्ही म्हणाल की आमच्या शाळेतही असंच होतं. गावाच्या जमिनीवर कंपन्या उभ्या राहिल्या आणि शाळेचा पट दुप्पट झाला. पाचवीच्या दोन तुकड्या आहेत. 'अ'मध्ये मुख्यतः गावातल्या जुन्या घरांतली मुलं. 'ब'मध्ये मराठवाड्यातून आलेल्या कंत्राटी कामगारांची आणि मार्केटमध्ये कांदा निवडणाऱ्या बायांची मुलं. अशी वाटणी करा असं कुठे लिहून ठेवलेलं नसतं, पण ती तशी होते, आणि विचारलं तर "प्रवेशाच्या क्रमाने केली" असं उत्तर मिळतं.

या शाळेत मी शैलाताईंना आणायचं ठरवलं होतं. शैलाताई मुलांसाठी चित्रपुस्तकं करतात, गोष्टही त्यांची आणि चित्रंही त्यांचीच. माझ्याच वयाच्या, फटकळ, हाताला कायम रंग लागलेला. त्यांच्या एका पुस्तकात एका घराचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस आहे. आई पाणी भरते, भाकऱ्या थापते, लेकराला काखेत घेऊन बाजाराला जाते, परत येऊन चूल पेटवते, शेवटी अंगाई म्हणते. चित्रं फार देखणी आहेत. या पुस्तकाच्या वीस प्रती मी दोन महिने आधी शाळेत नेऊन दिल्या.

महिन्याभराने सहज बघायला गेले, तर वीसच्या वीस प्रती मुख्याध्यापकांच्या काचेच्या कपाटात!

"सर, ही मुलांना वाचायला दिली होती ना?"

"देणार ना मॅडम, पाहुणे येऊन गेले की लगेच देणार. आता दिली तर मळतील. ताईंसमोर मळकी पुस्तकं कशी ठेवायची?"

मी कपाळावर हात मारून घेतला. सर वाईट माणूस नाहीत. त्यांच्या कारकिर्दीत शाळेला दोन खोल्या आणि मुलींसाठी स्वच्छतागृह मिळालं, आणि ते त्यांनी खेटे घालून मिळवलं. पण एखादं पान फाटलं तर तपासणीत जाब आपल्याला द्यावा लागेल, मूल वाचतं की नाही हे मात्र कुणी विचारणार नाही, हे तीस वर्षांच्या नोकरीने त्यांना पक्कं शिकवलं होतं. मी बराच वाद घातला. शेवटी एक प्रत मोकळी झाली आणि ती घेऊन मी पाचवी 'ब'च्या वर्गात गेले. 'अ'ची मुलं स्वागतगीताच्या सरावाला गेली होती, म्हणून 'ब'.

जमिनीवर बसून मी पुस्तक मोठ्याने वाचलं, चित्रं फिरवून दाखवली. संपल्यावर मागून एक हात वर आला. घट्ट दोन वेण्या घातलेली एक सडपातळ मुलगी होती, दीपाली नावाची.

"बाई, ही आई येकदाबी बसली नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजी समद्या चित्रात ती उभीच हाय, नाहीतर वाकून कामच करायली. ती दमत नाही का?"

मी पुस्तक पुन्हा चाळलं. हे पुस्तक मी तोवर शंभरदा तरी मुलांना वाचून दाखवलं असेल. आई खरोखरच एकाही पानावर स्वस्थ बसलेली नव्हती. भाकरी थापताना खाली टेकलेली, अंगाई म्हणताना पाळण्यापाशी ओणवी, पण स्वस्थ अशी कुठेच नाही. एकतीस वर्षं पुस्तकांत काढलेल्या मला ते कधी दिसलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की त्या पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं.

"याचं उत्तर मी देणार नाही," मी म्हटलं. "ज्यांनी चित्रं काढली त्या ताई येणार आहेत, त्यांनाच विचार. चिठ्ठीवर लिहून तुमच्या वर्गाच्या बाईंकडे दे. तुझा प्रश्न ताईंपर्यंत पोचेल, ही माझी जबाबदारी."

शेवटचं वाक्य मीच बोलले होते. कुणी बोलायला लावलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी शैलाताईंना घेऊन शाळेत पोचले तर मैदानात मांडव! पाचवी ते सातवीची सगळी मुलं उन्हाकडे तोंड करून बसलेली, समोर लाल गालिचा, स्टेजवर नऊ खुर्च्या. मी नियमांच्या कागदाची आठवण करून दिली. सर म्हणाले, "मॅडम, एवढ्या मोठ्या पाहुण्या येणार आणि वर्गात बसवायच्या? लोक काय म्हणतील?"

त्यांच्या टेबलावर मुलांच्या चिठ्ठ्या काचेच्या पेपरवेटखाली होत्या. दोन गठ्ठे केलेले, एकावर लाल पेनाने बरोबरच्या खुणा, दुसऱ्यावर फुल्या. बरोबरच्या गठ्ठ्यात पाचच चिठ्ठ्या होत्या, पाचही 'अ'च्या, आणि पाचही एका हाताने लिहून दिल्यासारख्या. 'आपणांस लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?' 'आपण विद्यार्थ्यांना काय संदेश द्याल?' या दोन प्रश्नांवर कायद्याने बंदी आणावी असं माझं प्रामाणिक मत आहे. दहा वर्षांचं मूल आपणहून कुणाला संदेश मागत नाही. फुल्यांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर दीपालीची चिठ्ठी होती.

'पुस्तकातली आई एकदाबी बसली नाही. ती दमत नाही का. माझी आई दमती.'

"ही का बाद केली?" मी विचारलं.

"पाहुण्यांच्या पुस्तकात चूक काढल्यासारखं दिसतं ते. शिवाय घरचं कशाला चव्हाट्यावर? तसं नसतं विचारायचं, मॅडम." सर अगदी समजावणीच्या सुरात बोलले. मी चिठ्ठी उचलून पर्समध्ये टाकली आणि ठरवलं की हा प्रश्न आज मीच पुकारणार.

मग सुरू झाला सोहळा. दीपप्रज्वलन झालं, वाऱ्याने ज्योत तीनदा विझली, ती चौथ्यांदा लावली. स्वागतगीत झालं. नऊ जणांचे सत्कार झाले, त्यांत मांडव पुरवणाऱ्याचाही होता. मग शाळा समितीचे अध्यक्ष बोलायला उठले. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो. घरची जमीन कंपनीत गेलेली, पांढरी टोपी, दणदणीत आवाज. "आमच्या टायमाला पुस्तकं नव्हती, आमी पाटीवं शिकलो," इथून त्यांनी सुरुवात केली आणि गावाच्या रस्त्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं घेतलं. पंचवीस मिनिटं! मुलं मांडी मोडून मांडी घालत होती. मी मनातल्या मनात आबांना काय काय म्हटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

शैलाताईंना बोलायला बारा मिनिटं उरली. मग पाच प्रश्न झाले, प्रेरणा आणि संदेश धरून. माईक माझ्या हातात होता. त्याच वेळी मागच्या ओळीत दीपाली उभी राहिली. हात वर करून नाही, नुसतीच उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली. शेजारच्या शिक्षिकेने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. सरांनी घड्याळाकडे बोट दाखवून मला खूण केली, आभार, आभार.

आणि मी आभारासाठी माईक देऊन टाकला.

का दिला? त्या भागातल्या चार शाळा या सरांच्या शब्दावर मला दार उघडणार होत्या, म्हणून. एक चिठ्ठी गेली तर जाऊ दे, चार शाळा मिळतील, असा हिशेब मी त्या क्षणी केला. लोकांवर मी एवढी तणतणते, पण त्या दिवशी त्या पोरीला खाली बसवणाऱ्यांत मीही होते, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

परत येताना महामार्गाच्या चौकात गाडी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंपनीच्या बस. माझी चिडचिड बघून शैलाताईंनी विचारलं, "अगं, तुला झालंय काय?" मी चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. चिठ्ठी एकदा वाचली, मग पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितलं. सिग्नल दोनदा सुटला तरी आम्ही तिथेच होतो.

"बावीस पानं काढली गं मी," त्या म्हणाल्या, "आणि एकाही पानावर तिला बसवलं नाही. इतक्या वर्षांत कुणी सांगितलंही नाही."

पंधरा-वीस दिवसांनी सरांचा फोन आला. ते आनंदाने फुलून गेले होते. शैलाताईंनी पुस्तकाची एक प्रत टपालाने शाळेत पाठवली होती आणि शेवटच्या पानापुढे स्वतःच्या हाताने रंगवलेलं एक नवं पान चिकटवलं होतं. वर नाव, दीपाली, पाचवी ब. "मूळ चित्र आहे, मॅडम, मूळ! पेपरात फोटो आलाय." त्यांनी मला तो फोटोही पाठवला. त्यात सरांच्या हातात पुस्तक होतं आणि बाजूला आबा आणि दोन शिक्षक उभे होते.

"दीपालीला दिलं ना?"

"हो, हो. परिपाठात तिचं नाव पुकारलं, टाळ्या वाजवल्या. फार खूश झाली."

मला हायसं वाटलं. माझा शब्द मी नाही, पण शैलाताईंनी तरी पाळला होता.

महिन्याभराने दुसऱ्या कामासाठी त्या शाळेत गेले. मधली सुट्टी होती. नळावर दीपाली पाण्याची बाटली भरत होती. मी विचारलं, "काय गं, कसं वाटलं चित्र?"

"कोन्तं चित्र?"

"ताईंनी पाठवलेलं. तुझ्या नावाचं."

"ते व्हय. टाळ्या वाजिवल्या समद्यांनी." मग जरा थांबून म्हणाली, "त्याच्यात काय हाय, बाई?"

मी तशीच ऑफिसात गेले. पुस्तक काचेच्या कपाटात होतं. चषकांच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या वेष्टणात, दर्शनी भाग पुढे करून. समोर एक पाटी: 'लेखिकेकडून शाळेस सप्रेम भेट.' शाळेस!

माझा आवाज त्या दिवशी दोन वर्गांपलीकडे ऐकू गेला म्हणतात. ज्या पोरीच्या नावाने पुस्तक आलं, तिने ते अजून पाहिलं नाही? तिच्या प्रश्नावर फुली मारली, तिला भर सभेत खाली बसवलं, आणि उत्तर आलं तर ते कुलपात? सर म्हणाले, "मॅडम, तिच्याकडे कसं द्यायचं? पत्र्याच्या एका खोलीत राहतात ते. कधी गावाला निघून जातील नेम नाही. एवढी मौल्यवान वस्तू!"

"मग इथे बसून बघू दे. उघडा कपाट."

"चावी क्लार्ककडे आहे. ते लग्नाला गेलेत, सोमवारी येतील."

"ठीक आहे," मी म्हटलं आणि कपाटासमोरच्या खुर्चीत बसले. "मी सोमवारपर्यंत बसते."

त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मी पर्समधून डबा काढून टेबलावर ठेवला. शिपायाने चहा आणला, तो परत पाठवला. चार शाळांचं दार त्या क्षणी माझ्यावर बंद होत होतं, हे मला कळत होतं. होऊ दे म्हटलं. एकदा केलेला हिशेब पुन्हा करायचा नव्हता.

अर्ध्या तासाने आबा आले. बहुतेक सरांनीच मदतीला बोलावलं होतं. आता हे पंचवीस मिनिटं बोलणार, अशा तयारीने मी पदर खोचला. आबांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं.

"सर, ते पुस्तक पोरीचं हाय का शाळंचं?"

"तसं नाव तिचं आहे, आबा, पण सुरक्षिततेच्या दृष्टीने..."

"आवं, कांदा सुदिक कोंडून ठिवला का सडतोय. वारं लागतं त्याला. पुस्तकाचं काय घिऊन बसलाय!" ते बाहेर गेले आणि मोटारसायकलच्या डिकीतून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. "कुलूप तोडायचं न्हाई. शाळंची वस्तू हाय ती. कोयंडा काढू."

चार स्क्रू होते. त्यांतला एक गंजला होता, त्याने आबांचा घाम काढला. कोयंडा निघाला तेव्हा कुलूप त्याला तसंच लटकत होतं, शाबूत, बंद. ते त्यांनी सरांच्या हातात दिलं. या माणसाला मी मांडवात काय काय म्हटलं होतं ते मला आठवलं. पंचवीस मिनिटांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण बाकीचं मी मागे घेते.

दीपालीला बोलावलं. ती दारातच थांबली. सर म्हणाले, "आधी हात धुऊन ये." मी काही बोलणार होते, पण ती गेलीसुद्धा. आली ती हात फ्रॉकला पुसत, दोन्ही बाजूंनी, नीट.

मी वेष्टण काढलं. तिने शेवटचं पान उघडलं नाही. पहिल्यापासून सुरुवात केली, एकेक पान उलटत, पाणी भरणं, भाकऱ्या, बाजार, चूल, अंगाई. आम्ही तिघं मोठी माणसं उभी होतो. मग ते नवं पान आलं. घराच्या उंबऱ्यावर आई बसली आहे. पाय लांब पसरलेले, हातात चहाचा कप, डोळे मिटलेले. खाली शैलाताईंच्या अक्षरात: 'दीपाली, तुझं बरोबर आहे. तिला बसवायचं मी विसरले होते.'

बोट कागदाच्या वर धरून तिने आईच्या पायांवरून फिरवलं, टेकवलं नाही. मला गहिवरून आलं, हे मी लपवत नाही.

"बोल बाळ, काय वाटलं?" सरांनी विचारलं. त्यांना बहुधा आभार अपेक्षित होते.

दीपालीने एक पान मागे केलं. तिथे अंगाईच्या चित्रात, आईच्या मागे चुलीपाशी, उष्ट्या भांड्यांचा ढीग होता. पुन्हा पुढचं पान उघडलं, पुन्हा मागचं.

"मंग भांडे कोन घासले?"

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

मी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, पेन तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "लिही." तिने उभ्याउभ्या टेबलावर वाकून लिहिलं, खाली नाव घातलं, घडी केली. सरांनी सवयीने हात पुढे केला. मी चिठ्ठी तिच्याकडून घेतली, पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली.